अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी खरंच विकली गेली का? भाजपचं संरक्षण धोरण आणि ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून सकाळी निघून, एका स्टेशनचा लोकल प्रवास करून अंबरनाथच्या फॅक्टरीत जाणाऱ्यांची पिढी अजून संपलेली नाही. इथे 'फॅक्टरी' म्हटलं की कुठली, हे विचारावं लागत नाही. फॅक्टरी म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी. कुणाचे वडील तिथून निवृत्त झाले, कुणी आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आत गेलं, कुणाचं बालपण फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गेलं.

दर निवडणुकीत याच फॅक्टरीबद्दल दोन प्रकारचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. पहिल्या प्रकारात 'मोदी सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी विकली' असं असतं. दुसऱ्यात 'तोट्यातले कारखाने सरकारने नफ्यात आणले' असं असतं. दोन्ही मेसेज अर्धवट आहेत. खरी गोष्ट थोडी लांबची आहे आणि ती समजून घ्यायची तर भाजपचं संरक्षण धोरण नेमकं काय आहे, इथून सुरुवात करावी लागते.

भाजपचं संरक्षण धोरण म्हणजे काय?

टीव्हीवरच्या चर्चेत या धोरणाची एकच बाजू दिसते. २०१६चा सर्जिकल स्ट्राइक, फेब्रुवारी २०१९मधला बालाकोटचा हवाई हल्ला, मे २०२५मधलं ऑपरेशन सिंदूर. दहशतवादाला सीमेपलीकडे जाऊन उत्तर द्यायचं, हा त्या बाजूचा गाभा. २०१९च्या संकल्पपत्रात पक्षाने दहशतवादाबाबत शून्य सहनशीलता आणि सुरक्षा दलांना मोकळीक असे शब्द वापरले होते.

दुसरी बाजू रचनेची आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. तिन्ही दलांसाठी चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद नेमण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ला झाली. जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली: चार वर्षांची नोकरी, त्यानंतर प्रत्येक तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंतच जवानांना कायम सेवा. २०२४च्या संकल्पपत्रात तिन्ही दलांच्या एकत्रित थिएटर कमांडचं आश्वासन आहे.

तिसरी बाजू कारखान्यांची. शस्त्रं देशातच बनवायची, पण ती बनवण्याचा मक्ता फक्त सरकारी कारखान्यांकडे ठेवायचा नाही. खासगी कंपन्यांना आत येऊ द्यायचं, परदेशी गुंतवणुकीची दारं मोठी करायची, आणि जे सरकारी कारखाने आहेत त्यांना कंपनीसारखं चालवायचं. अंबरनाथचा थेट संबंध येतो तो या तिसऱ्या बाजूशी.

आधी व्यवस्था कशी होती?

आयुध निर्माणी, म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी, ही इंग्रजांच्या काळातली व्यवस्था. कोलकात्याजवळच्या काशीपूरला तोफांच्या गाड्यांचा कारखाना १८०१मध्ये सुरू झाला. तिथे १८ मार्च १८०२ला उत्पादन सुरू झालं, म्हणून १८ मार्च हा ऑर्डनन्स फॅक्टरी दिवस. १९७९मध्ये हे सगळे कारखाने चालवण्यासाठी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड, म्हणजे ओएफबी, स्थापन झालं. मुख्यालय कोलकाता.

२०२१पर्यंत या बोर्डाकडे ४१ कारखाने आणि सुमारे ७० हजार कर्मचारी होते. त्यातले १० कारखाने एकट्या महाराष्ट्रात: अंबाझरी, भंडारा, भुसावळ, वरणगाव, चांदा, देहूरोड, खडकीतले दोन आणि अंबरनाथमधले दोन. हो, अंबरनाथमध्ये एक नाही, दोन कारखाने आहेत. एक ऑर्डनन्स फॅक्टरी, जिथे प्रामुख्याने पितळ, ॲल्युमिनियम अशा धातूंचं आणि दारूगोळ्याला लागणाऱ्या धातूच्या भागांचं काम होतं. दुसरा मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, स्थानिकांच्या भाषेत एमपीएफ. दोन्ही स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले.

(अंबरनाथमध्येच नौदलासाठी संशोधन करणारी एनएमआरएल ही डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं यासाठीच्या फ्युएल सेल तंत्रज्ञानावर तिथे काम झालं आहे. तिचा या कंपनीकरणाशी काही संबंध नाही, पण मेसेजमध्ये सगळं एकत्र कालवलेलं असतं म्हणून हा खुलासा.)

जुन्या व्यवस्थेत हे कारखाने कंपनी नव्हते. ते संरक्षण मंत्रालयाच्या खात्याचा भाग होते, जसं पोस्ट खातं. त्यामुळे नफा-तोटा हा शब्दच त्यांना तसा लागू नव्हता. लष्कर मागणी नोंदवायचं, कारखाना माल बनवायचा, खर्चाच्या हिशोबाने किंमत लागायची. एका कारखान्याचा माल दुसऱ्या कारखान्याचा कच्चा माल असायचा आणि तो व्यवहार खात्याच्या आतच व्हायचा. धातूचं काम एका ठिकाणी, दारू भरण्याचं दुसऱ्या ठिकाणी, जुळणी तिसऱ्या ठिकाणी.

मग तक्रार काय होती?

तक्रार मुख्यतः ग्राहकाची, म्हणजे लष्कराची होती. माल वेळेवर मिळत नाही, महाग पडतो आणि दर्जा एकसारखा नसतो. कॅगच्या अहवालांतही ओएफबीच्या उशिरावर आणि दर्जावर वेळोवेळी बोट ठेवलेलं आहे. सप्टेंबर २०२०मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत टिपणीची बातमी आली. २०१४ ते २०२० या काळात सदोष दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपयांचं नुकसान झालं आणि एवढ्या पैशात मध्यम पल्ल्याच्या १०० तोफा आल्या असत्या, असं त्यात म्हटलं होतं. ओएफबीने हा आरोप मान्य केला नाही. अपघाताला साठवण, हाताळणी, तोफेची देखभाल अशी इतरही कारणं असतात, असं बोर्डाचं म्हणणं होतं.

हा वाद तांत्रिक वाटेल, पण त्याच्या एका टोकाला तोफेजवळ उभा असलेला जवान आहे. त्यामुळे 'कारखाने होते तसेच ठेवा' एवढ्यावर हा विषय कधीच मिटणार नव्हता.

ही कल्पना भाजपचीच का?

फक्त भाजपची नाही, आणि मेसेजमधून हाच भाग बहुतेक वेळा गाळला जातो. वाजपेयी सरकारच्या काळात, २०००मध्ये, टी. के. ए. नायर समितीने कारखान्यांचं महामंडळ करावं असं सुचवलं. नंतर काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं यूपीए सरकार आलं. त्या सरकारने नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीने २००५मध्ये जवळपास तीच शिफारस केली: सगळ्या कारखान्यांची मिळून एक कंपनी करा. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली गेली. तिचाही सूर या कारखान्यांच्या कामगिरीचा हिशोब मागण्याचा होता.

म्हणजे समित्या येत गेल्या, शिफारशी होत गेल्या, अंमलबजावणी मात्र कुणीच केली नाही. कारण कामगार संघटना. कारखान्यांचं कंपनीकरण करणार नाही, असं आश्वासन वेगवेगळ्या सरकारांच्या संरक्षणमंत्र्यांनी दिलं होतं आणि त्यात पर्रीकरही होते, असा या संघटनांचा दावा आहे. भाजप सरकारने पुढे जे केलं त्यात कल्पना जुनीच होती. ती रेटून नेण्याची राजकीय ताकद मात्र नवी होती.

तयारी आधीच सुरू झाली होती. २०१७च्या सुमारास २७५ वस्तू 'नॉन-कोअर' ठरवण्यात आल्या. म्हणजे त्या लष्कराला बाजारातून कुठूनही घेता येतील. ज्या कारखान्यांचं पोट अशा वस्तूंवर होतं तिथे तेव्हाच धाकधूक सुरू झाली.

२०१९ ते २०२१: नेमकं काय घडलं?

२०१९ची निवडणूक जिंकल्यावर सरकारच्या पहिल्या १०० दिवसांच्या कार्यक्रमात ओएफबीच्या कंपनीकरणाचा विषय आला. २० ऑगस्ट २०१९पासून देशभरातल्या कारखान्यांत महिनाभराचा संप पुकारला गेला. सरकारने समिती नेमून चर्चेची तयारी दाखवल्यावर तो आठवडाभराच्या आतच मागे घेण्यात आला.

या संपात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संरक्षण क्षेत्रात कामगारांचे तीन मोठे महासंघ आहेत. एआयडीईएफ डाव्या विचारांचा, आयएनडीडब्ल्यूएफ काँग्रेसच्या इंटकशी जोडलेला, आणि बीपीएमएस भारतीय मजदूर संघाचा, म्हणजेच संघ परिवारातला. कंपनीकरणाच्या विरोधात तिघेही एकत्र होते. भाजप सरकारच्या निर्णयाविरुद्ध संघ परिवारातलीच संघटना उभी राहिली, त्यामुळे याला निव्वळ विरोधी पक्षांचं आंदोलन म्हणणं बरोबर ठरत नाही.

१६ मे २०२०ला, लॉकडाउनच्या काळात, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आत्मनिर्भर भारत पॅकेजमध्ये दोन घोषणा केल्या. ओएफबीचं कंपनीकरण होणार, आणि संरक्षण उत्पादनात थेट मार्गाने परदेशी गुंतवणुकीची मर्यादा ४९ टक्क्यांवरून ७४ टक्के होणार. कंपनीकरण म्हणजे खासगीकरण नव्हे, हेही त्यांनी तेव्हाच बजावून सांगितलं. महासंघांनी १२ ऑक्टोबर २०२०पासून बेमुदत संपाची नोटीस दिली, ती मुख्य कामगार आयुक्तांपुढच्या समेटाच्या बैठकीनंतर स्थगित झाली.

१६ जून २०२१ला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णयावर शिक्कामोर्तब केलं. महासंघांनी पुन्हा संपाची हाक दिली. त्यावर ३० जूनला राष्ट्रपतींच्या सहीने अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. पेगॅससवरून संसदेत गदारोळ चालू होता, त्यातच विधेयक मंजूर झालं. या कायद्याने संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. बेकायदा संपात भाग घेतला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संपाला चिथावणी दिली किंवा पैसा पुरवला तर दोन वर्षं आणि १५ हजार. कायदा एका वर्षापुरताच होता, पण जे वर्ष महत्त्वाचं होतं ते त्यात निघून गेलं.

१ ऑक्टोबर २०२१ला ओएफबी अस्तित्वातून गेलं. १५ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सात नव्या कंपन्या देशाला अर्पण केल्या.

अंबरनाथच्या वाट्याला काय आलं?

इथे गोष्ट थोडी मजेशीर होते. अंबरनाथचे शेजारी-शेजारी असलेले दोन कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांत गेले. ऑर्डनन्स फॅक्टरी गेली यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. एमपीएफ गेली आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये, म्हणजे रणगाडे आणि लष्करी वाहनं बनवणाऱ्या कंपनीत, जिचं मुख्यालय चेन्नईजवळ आवडीला. भंडारा, चांदा, देहूरोड, वरणगाव आणि खडकीचे दोन्ही कारखाने गेले पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये. अंबाझरी आणि भुसावळ अंबरनाथबरोबर यंत्र इंडियात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. आधी अंबरनाथहून दारूगोळ्याच्या कारखान्याला धातूचे भाग गेले तर तो घरातल्या घरात दिलेला माल होता. आता एक कंपनी दुसऱ्या कंपनीला माल विकते. विकत घेणाऱ्या कंपनीला तोच भाग बाहेर स्वस्त मिळाला तर ती तो तिथून का घेणार नाही, हा प्रश्न अंबरनाथच्या कामगारांसाठी पुस्तकी नाही. यंत्र इंडियाचा बराचसा माल तयार शस्त्र म्हणून थेट लष्कराकडे जातच नाही, तो दुसऱ्या कंपन्यांच्या उत्पादनात जातो.

पहिल्या सहा महिन्यांचे, म्हणजे मार्च २०२२पर्यंतचे, तात्पुरते आकडे सरकारने जाहीर केले तेव्हा सातपैकी सहा कंपन्यांनी नफा दाखवला होता. तोट्यात असलेली एकच होती, ती यंत्र इंडिया. पुढच्या वर्षांत तिची विक्री वाढली आणि निर्यातही सुरू झाली. एमपीएफ ज्या कंपनीत आहे तिला, आणि म्युनिशन्स इंडियालाही, २०२५मध्ये मिनिरत्न दर्जा मिळाला.

पण या नफ्याकडे बघताना एक आकडा शेजारी ठेवायला हवा. नव्या कंपन्या रिकाम्या हाताने सुरू झाल्या नव्हत्या. ओएफबीकडे असलेल्या ६५ हजार कोटी रुपयांहून अधिकच्या जुन्या मागण्या त्यांच्या नावे करून देण्यात आल्या होत्या. 'कंपनी झाली आणि लगेच नफा झाला' हे वाक्य त्यामुळे जरा सांभाळूनच फॉरवर्ड करावं.

मग विकली की नाही?

नाही. सातही कंपन्यांची १०० टक्के मालकी केंद्र सरकारकडे आहे. जमीन, यंत्रं, क्वार्टर्स खासगी कंपनीला दिलेली नाहीत.

तरीही कामगारांची भीती निराधार म्हणता येत नाही. खात्याचा भाग विकता येत नाही, कंपनीचे शेअर विकता येतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, मुंबईची माझगाव डॉक या सरकारी संरक्षण कंपन्यांचे शेअर आज बाजारात आहेत. सरकार अजूनही त्यांचं बहुसंख्य मालक आहे, हे खरं. पण कायद्याच्या दृष्टीने दार उघडलं गेलं ते १ ऑक्टोबर २०२१ला.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. कंपनीला स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात, परदेशात माल विकता येतो, दर वेळी मंत्रालयाच्या फाइलची वाट बघावी लागत नाही. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४मध्ये ६८६ कोटी रुपये होती, ती २०२४-२५मध्ये २३ हजार ६२२ कोटींवर गेली. यात मोठा वाटा, १५ हजार कोटींहून अधिक, खासगी कंपन्यांचा आहे. सरकारी कंपन्यांचा वाटा आठ हजार कोटींच्या वर आहे.

यातला खरा अवघड प्रश्न मात्र निर्यातीचा नाही. युद्ध रोज होत नाही. शांततेच्या काळात दारूगोळ्याची मागणी कमी असते आणि लढाई पेटली की अचानक कितीतरी पट वाढते. त्या दिवसासाठी यंत्रं आणि अनुभवी हात तयार ठेवावे लागतात. खातं असताना या रिकाम्या क्षमतेचा खर्च सरकार निमूट सोसायचं. कंपनीच्या ताळेबंदात तीच क्षमता तोटा म्हणून दिसते, आणि तोटा कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे माणसं कमी करणं.

बाकीचे पक्ष काय म्हणतात?

डाव्या पक्षांची भूमिका सर्वात स्पष्ट आहे. संरक्षण उत्पादनाचं खासगीकरण थांबवा, ही मागणी माकपच्या जाहीरनाम्यात आहे. काँग्रेसच्या २०२४च्या न्यायपत्रात अग्निपथ रद्द करणं, राष्ट्रीय सुरक्षा धोरण जाहीर करणं, चीफ ऑफ डिफेन्स स्टाफच्या नेमणुकीची पद्धत ठरवणं असे मुद्दे होते. कारखान्यांच्या बाबतीत मात्र काँग्रेसची अडचण होते, कारण केळकर समिती तिच्याच काळातली.

मतदारसंघाचा नकाशाही गमतीचा आहे. अंबरनाथ कल्याण लोकसभेत येतं, हेंद्रेपाडा मुरबाड विधानसभेमार्फत भिवंडी लोकसभेत. म्हणजे एकाच फॅक्टरीत एकाच शिफ्टला जाणारे दोघे वेगवेगळ्या खासदारांना मत देतात. फॅक्टरीचा विषय कुठल्याच खासदाराच्या प्रचारात मध्यवर्ती नसतो, त्यामागे हेही एक कारण असावं.

कामगारांचं आणि नव्या मुलांचं पुढे काय?

२०२१ला जे कर्मचारी होते ते सगळे 'मानीव प्रतिनियुक्ती'वर नव्या कंपन्यांत पाठवले गेले. म्हणजे काम कंपनीचं, पण नोकरी केंद्र सरकारची. पगार, रजा, निवृत्तिवेतनाचे नियम केंद्राचेच. ही सोय आधी दोन वर्षांसाठी होती, नंतर तिला मुदतवाढ मिळत गेली. महासंघांची मागणी अशी की प्रसार भारतीच्या जुन्या कर्मचाऱ्यांना जसं निवृत्तीपर्यंत सरकारी कर्मचारी म्हणून ठेवलं, तसंच इथेही करा. मुदत संपत आली की दर वेळी फॅक्टरीत तोच प्रश्न: कंपनीत सामील व्हायचा फॉर्म आला तर भरायचा की नाही?

नव्याने येणाऱ्यांना मात्र ही निवड नाही. म्युनिशन्स इंडियाच्या कारखान्यांनी स्फोटकांच्या विभागात काम करणाऱ्या 'डेंजर बिल्डिंग वर्कर' या पदासाठी ज्या जाहिराती काढल्या त्यात नोकरी एका वर्षाची आहे, वाढवत वाढवत जास्तीत जास्त चार वर्षांची. चार हा आकडा अग्निपथमुळे ओळखीचा वाटेल. हे काम किती धोक्याचं असतं ते २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याच्या कारखान्यातल्या स्फोटाने दाखवलं. त्यात किमान आठ जणांचा मृत्यू झाला.

यंत्र इंडियाने २०२४मध्ये देशभरातल्या कारखान्यांसाठी जवळपास चार हजार ट्रेड अप्रेंटिसची भरती काढली होती. अंबरनाथ-बदलापूरच्या आयटीआय झालेल्या मुलांसाठी आज फॅक्टरीत शिरायचं हेच मुख्य दार आहे. अर्ज करताना एक गोष्ट पक्की माहीत असावी: अप्रेंटिसशिप हे प्रशिक्षण आहे, त्यात विद्यावेतन मिळतं, पण ते पूर्ण झाल्यावर कायम नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. भरतीची जाहिरात कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर येते आणि निवड दहावी-आयटीआयच्या गुणांवर होते. 'फॅक्टरीत लावून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या माणसाला यात कुठेही जागा नाही.